बार्दोलीनो: गार्दा सरोवराकाठच्या हलक्या रेड वाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या सहलीत व्हेरोना किंवा गार्दा सरोवर पाहून आलेले, नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत राहणारे आणि नाशिकच्या वायनरीत पहिला घोट घेऊन पुढची उत्सुकता लागलेले, अशा सगळ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाइनचं काहीच माहीत नसलं तरी चालेल.

बार्दोलीनो म्हणजे नेमकी कोणती वाइन?

उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात, व्हेरोना जिल्ह्यात, गार्दा सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर बार्दोलीनो नावाचं छोटं गाव आहे. त्या गावाच्या आणि आसपासच्या टेकड्यांवरच्या द्राक्षांपासून होणारी रेड वाइन म्हणजे बार्दोलीनो. रंग फिकट माणकासारखा. पेल्यामागे बोट धरलं तर दिसतं. वास आंबटसर चेरीचा, रासबेरीचा, आणि मागून किंचित मिरी-दालचिनीचा. चवीला कोरडी, म्हणजे गोड नाही. अल्कोहोल साधारण बारा टक्क्यांच्या आसपास.

'हलकी' म्हणजे पाणचट का?

नाही. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण त्यापायीच बरेच लोक ही बाटली बाजूला ठेवून शेजारची जड बाटली उचलतात.

वाइनचा जडपणा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: अल्कोहोल किती, सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा किती, आणि विरघळलेला अर्क किती. बार्दोलीनोत हे तिन्ही बेतानं असतात. वास आणि आंबटपणा मात्र भरपूर असतो. कटाची आमटी पातळ असते म्हणून तिला कुणी बेचव म्हणत नाही, तसंच हे आहे. खरोखर पाणचट बार्दोलीनोही बाजारात मिळते, पण तिचा दोष वेलीवर लादलेल्या पिकाचा असतो. त्याबद्दल पुढे किमतीच्या प्रश्नात लिहिलं आहे.

ती कोणत्या द्राक्षांपासून करतात?

मुख्य द्राक्ष कोर्विना. तिच्या जोडीला रोन्दिनेल्ला, आणि पूर्वी हमखास असायची ती मोलिनारा. तिन्ही जाती व्हेरोना परिसरातल्याच. रोन्दिनेल्ला हे शेतकऱ्याच्या भरवशाचं पीक: रोगाला सहज बळी पडत नाही, दरवर्षी माल देते. मोलिनाराचा रंग फारच फिका, त्यामुळे तिची लागवड कमी होत गेली आणि नियमांतही ती आता सक्तीची राहिलेली नाही. कोर्विनाचं प्रमाण मात्र नियम बदलत गेले तसं वाढत गेलं आहे, आणि ते योग्यच झालं. बार्दोलीनोचा वास आणि तिची धार दोन्ही कोर्विनाचीच.

कोर्विनाची एक खोड आहे. काडीच्या बुडाजवळच्या पहिल्या काही डोळ्यांतून घड येतच नाहीत. म्हणजे छाटणीत काडी आखूड ठेवून चालत नाही. ती लांब सोडावी लागते आणि तिला पसरायला जागा द्यावी लागते. म्हणून व्हेरोनाकडे पूर्वापार वेली डोक्याच्या उंचीवर आडव्या पसरतात, खाली घड लोंबतात, वर पानांचं छत. त्याला तिकडे 'पेर्गोला' म्हणतात. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको, हा आपला मांडवच. उन्हाचा तडाखा पानांवर जातो, मणी भाजत नाहीत, आणि द्राक्षातला आंबटपणा टिकतो. मधल्या काळात अनेकांनी मांडव काढून तारांवर सरळ रांगा लावल्या, कारण तिथे कामं सोपी होतात आणि दाट लागवड करता येते. उन्हाळे कडक होत चालले आहेत, त्यामुळे मांडवाच्या सावलीची किंमत पुन्हा कळू लागली आहे.

एक फरक मात्र मोठा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशा दोन छाटण्या होतात, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. गार्दाकाठी ती हिवाळ्यात पूर्ण पानगळ करून झोपते, छाटणी तेव्हा एकदाच, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

रंग इतका फिका कसा? त्यात पाणी घालतात का?

पाणी घालणं बेकायदा आहे. रेड वाइनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो, आणि कोर्विनाच्या सालीत रंगद्रव्य मुळातच कमी. त्यात बार्दोलीनो करताना साली रसात थोडेच दिवस भिजवतात, म्हणजे तुरटपणाही फार उतरत नाही. बहुतेक उत्पादक ती स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाक्यांत मुरवतात. लाकडी पिंपाचा, व्हॅनिलाचा वास त्यामुळे तिला लागत नाही, आणि तो नसलेलाच चांगला.

त्या जमिनीत आणि हवेत असं काय आहे?

गार्दा हे इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर, सुमारे ३७० चौरस किलोमीटर पसरलेलं आणि ३४६ मीटरपर्यंत खोल. हिमयुगात आल्प्समधून उतरलेल्या प्रचंड हिमनदीनं ही दरी कोरली. बर्फ वितळून मागे सरलं तेव्हा सोबत आणलेले गोटे, वाळू, रेती, चिकणमाती सगळं दक्षिण टोकाला अर्धवर्तुळाकार टेकड्यांच्या रूपात पडून राहिलं. बार्दोलीनोच्या बागा याच टेकड्यांवर आहेत. जमीन इतकी मिसळलेली की एकाच शेतात वरच्या बांधाला नुसते गोटे आणि खालच्या बाजूला चिकण असं सापडतं. निचरा मात्र बहुतेक ठिकाणी उत्तम.

एवढं पाणी शेजारी असल्यामुळे हिवाळा फार बोचत नाही. ४५ अंश अक्षांशाच्याही वर, आल्प्सच्या पायथ्याशी, इथे ऑलिव्ह आणि सायप्रसची झाडं वाढतात. पलीकडच्या लिमोने गावात तर दगडी खांबांवर छत घालून शतकानुशतकं लिंबं पिकवली गेली. उत्तरेला मोन्ते बाल्दो हा २२१८ मीटर उंचीचा डोंगर, तिथून रात्री थंड हवा उतरते. पहाटे उत्तरेकडून 'पेलेर' वारा सुटतो, दुपारी दक्षिणेकडून 'ओरा'. रोजच्या या ये-जा करणाऱ्या वाऱ्यानं पानं आणि घड लवकर सुकतात. भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांशी झगडणाऱ्या कुणाही बागायतदाराला त्याचं मोल कळेल. दिवसा ऊब आणि रात्री गारवा मिळाला की द्राक्ष पिकतं, पण त्याचा आंबटपणा उडून जात नाही.

या भागाला इतिहास किती जुना?

रोमन काळापासूनचा. व्हेरोनाकडची 'रेटिक' वाइन तेव्हा नावाजलेली होती आणि सम्राट ऑगस्टसची ती आवडती होती असं त्याच्या चरित्रकारानं, सुएटोनियसनं नोंदवलं आहे. ती वाइन आजच्या बार्दोलीनोसारखी होती असं समजू नये, पण द्राक्षशेती तेव्हापासून इथे रुजली आहे. बार्दोलीनो गावात नवव्या शतकातलं सान झेनोचं छोटं चर्च अजून उभं आहे.

१४०५ मध्ये व्हेरोना व्हेनिसच्या ताब्यात गेलं आणि जवळपास चारशे वर्षं तिथेच राहिलं. शेजारच्या लात्सीझे गावात पाण्याकाठी व्हेनिसची जुनी जकात-इमारत आजही पाहता येते.

पुढे याच टेकड्या रणांगण झाल्या. १७९७ च्या जानेवारीत नेपोलियननं ऑस्ट्रियाचा पराभव केला ते रिव्होली याच भागात. कुस्तोझाला १८४८ आणि १८६६ अशा दोन लढाया झाल्या. सरोवराच्या दक्षिणेला, त्याच हिमनदीच्या टेकड्यांवर, सोल्फेरिनोची लढाई २४ जून १८५९ ला झाली. तिथले हजारो बेवारस जखमी पाहून आँरी द्युनाँ हा स्विस व्यापारी हादरला, आणि त्याच्या प्रयत्नांतून १८६३ मध्ये रेड क्रॉसची सुरुवात झाली. व्हेनेतो इटलीत आलं ते १८६६ मध्ये. बार्दोलीनोला कायद्यानं संरक्षित नावाचा, म्हणजे 'डीओसी' दर्जा मिळाला १९६८ मध्ये.

व्हाल्पोलिचेल्ला आणि अमारोनेशी तिचं नातं काय?

अदिजे नदीच्या पूर्वेला, व्हेरोनाच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर व्हाल्पोलिचेल्ला. द्राक्षं तीच, कोर्विना आणि रोन्दिनेल्ला. पण तिकडची वाइन बहुधा थोडी भरीव, आणि तिकडे एक वेगळी परंपरा आहे. निवडक घड काढून हवेशीर खोल्यांत ट्रे-रॅकवर तीन-चार महिने सुकवतात. मणी पार बेदाणा होत नाहीत, पण पाणी उडून साखर आणि अर्क दाट होतो. मग त्यांतून अमारोने करतात: पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, दाट, महाग.

एकाच द्राक्षाची ही दोन टोकं. जगभरात अमारोनेचा बोलबाला झाला तसं बार्दोलीनोला 'त्यांतलीच पण कमी' असं लेबल लागलं. मला हे मुळीच पटत नाही. ताज्या कोर्विनाचा वास कसा असतो हे कळायचं असेल तर बार्दोलीनोच प्यायला हवी. सुकवल्यावर तो वास पार बदलतो.

स्वस्त आहे म्हणजे दर्जा कमी का?

इटलीतल्या सुपरमार्केटात बाटली पाच-सहा युरोपासून मिळते आणि चांगल्या उत्पादकाची दहा-बारा युरोच्या घरात. ही किंमत का परवडते ते पाहा. वेल भरपूर माल देते. घड सुकवावे लागत नाहीत. ओक लाकडाची नवी पिंपं, जी एकेक शेकडो युरोंना येतात, ती लागत नाहीत. वाइन वर्षानुवर्षं तळघरात अडकून पडत नाही, पुढच्या वसंतात विकायला तयार असते. पीक बेतात ठेवलं तर यातल्या एकाही कारणानं दर्जा कमी होत नाही.

तरी नाव खराब झालं, हे खरं आहे, आणि त्याचं कारण दुसरं. दुसऱ्या महायुद्धानंतर गार्दाकाठी पर्यटक लोटले, त्यांत जर्मन सर्वांत जास्त. वाइनची मागणी प्रचंड वाढली. काहींनी एकरी उत्पादन ताणता येईल तेवढं ताणलं, सपाट जमिनीवरही लागवड केली, आणि पातळ, निर्जीव वाइन मोठ्या बाटल्यांतून जगभर गेली. मग नाव सावरायला काहींनी उलटी दिशा धरली: जास्त अर्क, ओकचं पिंप, गडद रंग. त्यातून ना धड अमारोने झाली ना धड बार्दोलीनो.

गेल्या काही वर्षांत बरेच उत्पादक पुन्हा मूळ वळणावर आले आहेत: कमी पीक, नेमक्या वेळी काढणी, हलका हात. आजची चांगली बार्दोलीनो ही फिकेपणा न लपवणारी वाइन आहे. दहा युरोत इतकी स्वच्छ, इतकी वासाची रेड वाइन देणाऱ्या जागा युरोपात फार उरलेल्या नाहीत.

लेबलवर काय पाहायचं?

'बार्दोलीनो' एवढंच असेल तर साधी, ताजी प्यायची वाइन. 'क्लासिको' म्हणजे बार्दोलीनो, गार्दा, लात्सीझे, आफ्फी, कोस्तेर्मानो आणि काव्हायोन या जुन्या गाभ्यातल्या सहा गावांची. 'सुपेरिओरे' म्हणजे निदान वर्षभर मुरवलेली, अल्कोहोल थोडं जास्त. तिला २००१ मध्ये 'डीओसीजी' हा वरचा दर्जा मिळाला. अमारोनेला तो मिळायच्या नऊ वर्षं आधी. ला रोक्का, मोन्तेबाल्दो आणि सोम्माकाम्पान्या ही उपविभागांची नावंही आता काही बाटल्यांवर दिसतात. ती दिसली तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

सुपेरिओरे हा शब्द पाहून मात्र लगेच तीच उचलू नका. पहिल्यांदा पिणाऱ्यानं साधी किंवा क्लासिको घ्यावी, तीही शक्य तितक्या अलीकडच्या हंगामाची.

कियारेत्तो म्हणजे काय?

त्याच द्राक्षांची, त्याच भागातली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. साली रसात काही तासच ठेवतात. २०१४ च्या हंगामापासून बार्दोलीनोच्या उत्पादकांनी कियारेत्तोचा रंग ठरवून आणखी फिका केला आणि तिला लिंबू-संत्र्याच्या वासाकडे नेलं. तिचा खप चांगला वाढला. उन्हाळ्यात छान लागते.

किती थंड करून प्यायची?

हा या पानावरचा सर्वांत उपयोगी प्रश्न. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला, जिथे खोली १६-१८ अंशांवर असते. पुण्या-मुंबईत एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला कुठल्याही रेड वाइनमधलं अल्कोहोल नाकात जातं आणि चव चिकट लागते.

बार्दोलीनो १४ अंश सेल्सियसच्या आसपास हवी. बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा आणि काढून दहा मिनिटांनी ओता. पेल्यात ती भराभर गरम होते, म्हणून एका वेळी थोडीच ओतायची आणि बाटली परत फ्रिजमध्ये. बाटलीला बाहेरून हलकं दव धरलं असेल तर तापमान बरोबर आहे असं समजा. तुरट रेड वाइन इतकी गार केली तर कडवट लागते. बार्दोलीनोत तुरटपणा कमी, म्हणून तिला हे मानवतं. आपल्या हवेसाठी मी कुणालाही पहिली रेड वाइन सुचवायची झाली तर हीच सुचवीन, आणि त्याचं मुख्य कारण हेच आहे.

जेवणात कशाबरोबर?

तिथले लोक ती सरोवरातल्या माशांबरोबरसुद्धा पितात, बिगोली नावाच्या जाड शेवयांबरोबर, पोर्कच्या सलामीबरोबर, मोन्ते व्हेरोनेझे चीजबरोबर, राजम्याच्या दाट सूपबरोबर. पिझ्झाबरोबर तर उत्तमच.

मराठी ताटाशी जुळवायचं तर एक सूत्र लक्षात ठेवा: तिखट आणि तुरट एकत्र आलं की तोंड पोळतं, आणि अल्कोहोल जास्त असेल तर आणखी. इथे दोन्ही कमी आहेत, म्हणून मध्यम तिखटाला ती चालून जाते. भरली वांगी, मसूर उसळ, खरपूस थालीपीठ, कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं कोंबडीचं सुकं, रवा लावून तळलेला बांगडा: या सगळ्यांबरोबर मजा येते. दाण्याचा कूट आणि भाजलेलं खोबरं तिच्या चेरीच्या वासाला विशेष साथ देतात. चिंच-गूळ जास्त असेल तर वाइन फिकी पडते. आणि कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासमोर कुठलीच वाइन ठेवू नये. तिथे रस्साच जेवावा.

भारतात मिळते का? मग ती स्वस्त राहते का?

मोठ्या शहरांतल्या आयात वाइनच्या दुकानांत कधी मिळते, कधी नाही. किंमत मात्र इटलीतली राहत नाही. आयात वाइनवर बरीच वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्याचं उत्पादन शुल्क, वाहतूक आणि नफा. जितकी स्वस्त बाटली तितकी ती आणणं आयातदाराला कमी परवडतं, त्यामुळे अशा साध्यासुध्या वाइन कमीच येतात. परदेशातून परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. युरोपात राहणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. जर्मनीत तर ती कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात असते.

आपल्याकडे इटालियन द्राक्ष चाखायचं तर अकलूजजवळच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेझे आहे. इटालियन-भारतीय भागीदारीतून उभी राहिलेली ही वायनरी. सांजोव्हेझे ही मध्य इटलीतल्या तोस्कानाची जात, कोर्विनाहून तुरट, पण आंबटपणाची जात कळायला चांगली.

शाकाहारी व्यक्तीला चालेल का?

प्रत्येक बाटलीचं उत्तर वेगळं. वाइन गाळून स्वच्छ करताना काही उत्पादक अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासूनचा आयसिंग्लास वापरतात. बरेच जण बेंटोनाइट ही माती वापरतात. अंश उरला असेल तर अंडं आणि दूध लेबलवर लिहिणं युरोपात सक्तीचं आहे, माशाचं तसं नाही. खात्री हवी असेल तर 'व्हीगन' चिन्ह असलेलीच बाटली घ्या.

साठवून ठेवली तर चांगली होते का?

साधी बार्दोलीनो दोन-तीन वर्षांत संपवावी. सुपेरिओरे आणि उपविभागांच्या चांगल्या बाटल्या आणखी काही वर्षं टिकतात आणि त्यांत मिरीचा वास वाढतो. ओट्यावरच्या कपाटात, गॅसजवळ ठेवू नका. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

रेड वाइन हृदयाला चांगली म्हणतात ना?

त्या कारणासाठी पिऊ नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आवडत असेल तर जेवणाबरोबर, बेतानं. औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, गाडी चालवायची असेल, तर नाहीच.

प्रत्यक्ष जायचं झालं तर?

मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावर पेस्किएरा देल गार्दा स्टेशनला उतरा, तिथून सरोवराच्या काठाकाठानं बस जाते. व्हेरोनाहूनही बस आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बार्दोलीनोत द्राक्ष आणि वाइनचा उत्सव भरतो, पाण्याकाठी उत्पादकांचे स्टॉल लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. गावाच्या वर झेनी वायनरीचं वाइन म्युझियम आहे, जुने दाब-यंत्र आणि पिंपं पाहायला चांगलं. व्यवसायानिमित्त जाणाऱ्यांनी एप्रिलमधलं व्हेरोनाचं 'विनइटली' प्रदर्शन गाठावं. ते १९६७ पासून भरतं.

बार्दोलीनो मिळालीच नाही तर काय घ्यावं?

सर्वांत जवळची म्हणजे साधी व्हाल्पोलिचेल्ला, लेबलवर 'रिपास्सो' नसलेली. रिपास्सो अमारोनेच्या चोथ्यावर पुन्हा आंबवतात, ती जड होते. उत्तरेला आल्तो आदिजेमधली स्कियाव्हा तर बार्दोलीनोहूनही फिकी आणि मऊ. तिच्यात बदामाचा हलका कडवटपणा असतो. पिएमोन्तेतली ग्रिन्योलीनो रंगानं फसवते: दिसते रोझेसारखी, पण बियांमुळे चांगली तुरट लागते, म्हणून तिखटाबरोबर टाळा. सिसिलीच्या व्हित्तोरिया भागातली फ्राप्पातो मिळाली तर जरूर घ्या. स्ट्रॉबेरीचा वास, तुरटपणा नावापुरता, आणि तीही गार करूनच प्यायची.